पहिला माणूस कामावर घेताना

(टोकियोतल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गेल्या बैठकीनंतर चहा पिताना तिघांनी मला वेगवेगळं गाठून जवळपास एकच प्रश्न विचारला. धंदा सुरू झालाय, एकट्याने झेपत नाही, आता माणूस घ्यायचाय, कुठून घेऊ? एकाची सॉफ्टवेअरची कंपनी, एकीचा डब्यांचा व्यवसाय, एकाचं आयात-निर्यातीचं काम. गंमत म्हणजे तिघांनीही उत्तर सोबतच आणलं होतं. "आपल्यातलाच कोणीतरी बघतोय." म्हणून आज मी या 'आपल्यातला' शब्दावर बोलणार आहे. व्हिसा, पगार, विमा हेही सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नुसत्या तत्त्वांचा उपयोग नाही.

आपण बहुतेक सगळे इथे नोकरदार म्हणून आलो. कामाचे तास, ओव्हरटाइम, बॉसची अरेरावी यांवर आपण इतकी वर्षं बोललो ते टेबलाच्या एका बाजूला बसून. पहिला माणूस घेतला की खुर्ची बदलते. ज्या मतांना आजवर फारशी किंमत मोजावी लागली नाही, त्यांची आता दरमहा पगारपत्रकावर नोंद होऊ लागते.

आधी व्हिसाचं सांगतो, कारण तिथे 'आपल्यातला' हा बेत बऱ्याच जणांचा पहिल्याच पायरीवर अडतो.

परदेशी माणसाला इथे कंपनी चालवायची तर 'केइएइ-कानरी' म्हणजे व्यवस्थापनाचा व्हिसा लागतो. पूर्वी त्यासाठी ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी, यांपैकी एक गोष्ट पुरत असे. आपल्यातले जवळजवळ सगळे पैशाच्या वाटेने गेले. माणसं नंतर बघू म्हणाले. १६ ऑक्टोबर २०२५पासून नियम बदलला. आता ३ कोटी येन भांडवल हवंच, आणि शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारीही हवा. तो कोण असावा तेही ठरलेलं आहे: जपानी नागरिक, परमनंट रेसिडेन्सीवाला, जपानी किंवा परमनंट रेसिडेन्सीवाल्या व्यक्तीचा जोडीदार, किंवा दीर्घकालीन रहिवासी. पुण्याहून इंजिनियरच्या व्हिसावर आणलेला मित्र या मोजणीत धरत नाहीत. अर्जदाराला किंवा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपैकी कोणाला तरी साधारण एन-२ पातळीचं जपानी यायला हवं. मालकाकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा त्या विषयातली मास्टर्स हवी. हा व्हिसा आधीपासून असलेल्यांना ऑक्टोबर २०२८पर्यंत सवलतीची मुदत आहे. ज्यांच्याकडे स्वतःची परमनंट रेसिडेन्सी आहे त्यांना यातलं काहीच लागू नाही.

या नियमावर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. ३ कोटींची अट म्हणजे लहान माणसाने धंदा करूच नये असं सांगणं आहे, आणि त्यामागे परदेशी लोकांविषयीची अलीकडची नाराजी आहे, हे लपवायचं कारण नाही. पण त्याचा एक परिणाम नीट पाहा. नव्या मालकाचा या देशात राहण्याचा हक्क आता त्याच्या पहिल्या कर्मचाऱ्यावर टेकलेला आहे. ती बाई किंवा तो माणूस सोडून गेला, तर पुढच्या नूतनीकरणाला मालकालाच उत्तर द्यावं लागेल. नोकराची गरज मालकाला असते हे आपण पुस्तकांत वाचलं होतं. इथे ते इमिग्रेशनच्या फॉर्मवर आलंय.

आता तो माणूस शोधायचा कसा?

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी जागा म्हणजे हॅलो वर्क, सरकारी रोजगार कार्यालय. मालकाला एक पैसा लागत नाही. खासगी एजन्सी वर्षाच्या पगाराचा मोठा हिस्सा मागतात. तरी आपले लोक तिथे जात नाहीत, कारण जपानीत फॉर्म भरावा लागतो, आणि दुसरं म्हणजे येणारा माणूस 'ओळखीचा' नसतो. मी म्हणतो, एकदा जाच. तिथे नोकरीची जाहिरात नोंदवताना 'न्याय्य निवडी'बद्दल एक पत्रकही मिळतं. ते नीट वाचा. आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय असं वाटावं असा तो मजकूर आहे.

उमेदवाराला काय विचारू नये याची त्यात यादी आहे. मूळ नोंदणीचं गाव, म्हणजे 'होनसेकी', आणि जन्मस्थान. आईवडील काय करतात, त्यांची मिळकत किती. घर कसं आहे, आजूबाजूची वस्ती कशी आहे. धर्म कोणता. कोणत्या पक्षाला मानता. कामगार संघटनेत किंवा विद्यार्थी चळवळीत होता का. आदर्श व्यक्ती कोण. कोणतं वर्तमानपत्र घेता, आवडती पुस्तकं कोणती. शिवाय उमेदवाराची मागून चौकशी करायची नाही.

शेवटच्या काही प्रश्नांवर आपल्यातले अनेक जण दुखावतील! आपल्या वर्तुळात माणूस पारखायचा तो "हल्ली काय वाचताय?" असं विचारूनच. पण मालक म्हणून तो प्रश्न विचारला की तो गप्पांचा प्रश्न राहत नाही. ज्याला नोकरी हवी आहे तो तुम्हाला आवडेल तेच पुस्तक सांगणार. आपलं वाचन पुरोगामी आहे म्हणून आपला प्रश्न निरुपद्रवी ठरत नाही.

ही यादी एखाद्या अधिकाऱ्याला ऑफिसात बसल्या बसल्या सुचलेली नाही. जपानमध्येही जात होती. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशी कामं करणाऱ्या समाजांना गावाबाहेर ठेवलं गेलं. १८७१च्या फर्मानाने कायद्यातला भेद संपला, पण लग्नात आणि नोकरीत तो राहिला. यांनाच बुराकुमिन म्हणतात. दिसायला, बोलायला, नावाला ते इतर जपान्यांपेक्षा वेगळे नाहीत. वेगळा होता तो फक्त पत्ता. म्हणून कंपन्या पत्ताच विचारत, गाव विचारत, वडिलांचा धंदा विचारत. कुटुंबनोंदणीची वही, म्हणजे 'कोसेकी', १९७६च्या दुरुस्तीपर्यंत कोणालाही जाऊन पाहता येत असे. त्याचा खासगी गुप्तहेरांनी धंदाच केला.

१९२२च्या मार्चमध्ये क्योतोत बुराकु समाजाने 'सुइहेइशा' ही आपली संघटना काढली. आपल्याकडे महाडचा सत्याग्रह झाला त्याच्या पाच वर्षं आधी. शाळा सोडून नोकरीला लागणाऱ्या मुलांसाठी सगळ्या देशात एकच अर्जाचा नमुना १९७३ साली आला, तो याच चळवळीच्या रेट्यामुळे. म्हणजे कंपनीने आपला फॉर्म काढून हवं ते विचारायचं बंद. तरी १९७५ साली उघड झालं की देशभरच्या बुराकु वस्त्यांची नावं आणि पत्ते असलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली होती. त्यांत नावाजलेल्या कंपन्याही होत्या. त्या गदारोळानंतर मोठ्या कंपन्यांत न्याय्य निवडीसाठी जबाबदार माणूस नेमण्याची पद्धत सुरू झाली. हॅलो वर्कमधलं ते साधं पत्रक या सगळ्याचं फलित आहे.

पण चित्र एकतर्फी नको. त्याच १९७३च्या डिसेंबरमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मित्सुबिशी जुशी खटल्यात निकाल दिला. एका तरुणाने आपण विद्यार्थी चळवळीत होतो हे अर्जात सांगितलं नव्हतं, म्हणून परीविक्षा संपताना कंपनीने त्याला कायम करायचं नाकारलं होतं. न्यायालय म्हणालं, कोणाला घ्यायचं ते ठरवायचं स्वातंत्र्य कंपनीला आहे, आणि त्यासाठी विचारसरणीची विचारपूस करणंही बेकायदा नाही. पुढे १९७६ साली तडजोड होऊन तो कामावर परतला. तेव्हा जपानच्या कायद्याने सगळं सोडवलंय असं मी म्हणत नाही. तो निकाल आजही शिकवला जातो, आणि पत्रकही आज वाटलं जातं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या सभेत कोणी "तुमची जात काय?" असं विचारत नाही. आपण "आडनाव काय?" विचारतो. मग "मूळचे कुठले?" मग "म्हणजे अमक्यांच्यापैकी का?" आणि डब्यांचा व्यवसाय असेल तर "तुम्ही घरी शाकाहारीच ना?" हे प्रश्न इतके सवयीचे झालेत की आपुलकीचेच वाटतात. होनसेकी विचारणाऱ्या जपानी मॅनेजरलाही आपण आपुलकीनेच विचारतोय असं वाटत असणार.

पुण्यात २०१७ साली काय झालं ते आठवत असेल. एका उच्चशिक्षित बाईंनी, त्याही विज्ञानाच्या क्षेत्रातल्या, पोलिसांत तक्रार दिली की घरच्या धार्मिक कार्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली जात लपवली आणि त्यामुळे सोवळं मोडलं. पुढे ती मागे घेतली. आपण सगळ्यांनी तेव्हा निषेधाच्या मेल पाठवल्या. पण ज्या गोष्टीने ती तक्रार शक्य झाली ती म्हणजे स्वयंपाकाला माणूस ठेवताना विचारलेला एक प्रश्न. टोकियोत डबे करणाऱ्या बाईंना मदतनीस हवी असेल तर विचारायचं ते इतकंच: सकाळी सहाला येता येईल का, स्वच्छतेचे नियम माहीत आहेत का, पन्नास माणसांचा अंदाज घेता येतो का, मांस शिजवायला किंवा न शिजवायला हरकत आहे का. तिच्या घरी काय शिजतं याचा कामाशी संबंध नाही.

अमेरिकेतल्या मंडळींना हा विषय नवा नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. त्यातला दोन इंजिनियरांविरुद्धचा भाग २०२३मध्ये मागे घेतला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी केली, आणि ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्यापुरता तसाच कायदा नाकारला. बाजू काहीही घ्या, वाद मोठ्या कंपन्यांचा होता. छोट्या कंपनीत एचआर नसतं, तक्रारपेटी नसते. पहिला माणूस तुमच्या ओळखीतून आला, तर दुसरा त्याच्या ओळखीतून येतो, तिसरा दुसऱ्याच्या. पाच वर्षांनी दहा माणसं होतात आणि आडनावांची यादी वाचली की एका गावच्या एका आळीतली वाटावी. कोणी ठरवून केलेलं नसतं. म्हणून मी पहिल्या माणसावर इतका अडून बसलोय.

ओळखीतून घेऊच नका असं मी म्हणत नाही. परक्या देशात ओळख हीच पुष्कळदा शिडी असते, आणि ज्याला जपानी येत नाही त्याला हॅलो वर्क बंदच असतं. पण मग ओळखीच्या माणसालाही जाहिरातीतल्या माणसासारखंच बसवा: तेच प्रश्न, तोच कामाचा नमुना, तोच कागद.

कागदाबद्दल आपल्यात मोठा संकोच आहे. "अरे, आपल्या माणसाकडून काय सही घ्यायची!" खरं तर सही त्याच्यासाठी असते. इथल्या १९४७च्या कामगार मानक कायद्याच्या १५व्या कलमानुसार पगार, तास, जागा, काम, मुदत, सुट्टी हे सगळं लिहून द्यावंच लागतं, कर्मचारी एक असला तरी. एप्रिल २०२४पासून कामाची जागा आणि स्वरूप पुढे कुठवर बदलू शकतं हेही लिहावं लागतं. याला 'रोदो जोकेन त्सूचिशो' म्हणतात. कामगार मंत्रालयाच्या साइटवर इंग्रजीसह अनेक भाषांत नमुना मिळतो. ज्याला द्यायचा त्याला समजेल अशा भाषेत द्या.

त्यात आपल्या सवयीची तीन कलमं घालू नका. एक, बॉन्ड. "दोन वर्षांच्या आत सोडलंस तर इतके भरायचे" असा करार भारतात सर्रास होतो. इथे १६वं कलम तो सरळ रद्द ठरवतं. दोन, उचल. विमानाचं तिकीट, घराची अनामत यासाठी उसने दिलेले पैसे पुढच्या पगारातून परस्पर वळते करणं १७व्या कलमात बसत नाही. तीन, पगारातून घरभाड्याची कपात. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीबरोबर लेखी करार लागतो. आणि पासपोर्ट 'सुरक्षित राहावा म्हणून' कंपनीच्या कपाटात ठेवू नका. परदेशी कामगारांबाबतच्या सरकारी सूचनांत त्याला स्पष्ट मनाई आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, आपण काय ठेकेदार आहोत का? पण आपल्या शेजारीच उदाहरण आहे. जपानभर पसरलेली 'इंडियन' रेस्टॉरंटं बहुतेक नेपाळी मंडळी चालवतात. पत्रकार हिरोकाझु मुरोहाशी यांनी २०२४ साली त्यांच्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. परदेशी आचाऱ्याच्या व्हिसाला साधारणपणे दहा वर्षांचा अनुभव लागतो. आचारी आला, काही वर्षांनी मालक झाला, त्याने गावाकडून आचारी आणले, त्यातले काही मालक झाले. यात मेहनत आहे, धाडस आहे. पण माणूस आणण्यासाठी त्याच्याचकडून मोठी रक्कम घ्यायची हाही त्या साखळीत काही ठिकाणी एक धंदा होऊन बसला. करी विकून जितकं मिळत नाही तितकं माणूस आणून मिळतं. आणणारा परका नसतो. काका असतो, गावचा दादा असतो. आणि म्हणूनच आचारी तक्रार करत नाही.

आता आपल्या घरांतली एक गोष्ट. निशि-कासाईत किंवा योकोहामात मराठी धंद्याला पहिली कर्मचारी मिळते ती पुष्कळदा कुणा इंजिनियरची बायको. एमबीए, बीई, शिक्षिका. व्हिसा 'कुटुंबासोबत वास्तव्याचा'. तिला कामाची वेगळी परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा पाळावी लागते. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५पासून तासाला १,२२६ येन झालं. सगळे २८ तास भरले तर तेवढ्यावरही वर्षाला १७ लाख येनच्या वर जातं. आणि नवऱ्याच्या आरोग्य विम्यात आश्रित म्हणून राहण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १३ लाख. छोट्या कंपनीत स्वतःचा विमा मिळायला पूर्णवेळाच्या तीन चतुर्थांश, म्हणजे बहुधा ३० तास लागतात. २८ आणि ३०च्या मधल्या या फटीत ती अडकते: नवऱ्याच्या विम्यातून बाहेर, कंपनीच्या विम्यात नाही, वॉर्डाचा विमा स्वतःच्या खिशातून. हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडा आणि तिला ठरवू द्या. "वहिनी, घरबसल्या थोडी मदत कराल का" असं म्हणून तासाला हजार येन हातावर ठेवणं हे सरळ किमान वेतनाच्या खाली आहे. जिच्याशी जमत असेल आणि जिला पुढे पूर्णवेळ काम हवं असेल, तिचा व्हिसा बदलायला कंपनी म्हणून मदत करा. नोकरीचं पत्र लिहिणं तुमच्या हातात आहे.

खर्चाचं थोडक्यात. कंपनी नोंदलेली असेल तर पूर्णवेळ कर्मचारी एकच असला तरी आरोग्य विमा आणि पेन्शन बंधनकारक आहे. पेन्शन १८.३ टक्के, निम्मं तुमचं निम्मं त्याचं. आरोग्य विमा साधारण १० टक्के, तोही निम्मा. रोजगार विम्याचा तुमचा वाटा १ टक्क्याच्या आत, आणि अपघात विमा पूर्ण तुमचा. अडीच लाख पगार ठरवलात तर तुम्हाला साधारण २ लाख ९० हजार पडतात, आणि त्याच्या हातात कर धरून दोन लाखांच्या आसपास पडतात. मुलाखतीतच दोन्ही आकडे सांगा. "विमा नको, तेवढे हातात द्या" असं काही जण म्हणतील, विशेषतः दोन-चार वर्षांत भारतात परतणारे. कायद्याने ते चालत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०१६पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार आहे. इथली पेन्शनची वर्षं पात्रता ठरवताना मोजली जाऊ शकतात. हे त्याला समजावायला अर्धा तास द्या, किंवा 'शारोशी'ला, म्हणजे कामगार कायद्याच्या सल्लागाराला, फी देऊन बोलवा. तो खर्च वाया जात नाही.

परदेशी माणूस घेतलात तर त्याचं झाइर्यू कार्ड दोन्ही बाजूंनी पाहायचं आणि हॅलो वर्कला कळवायचं. २००७पासून ते सक्तीचं आहे. परवानगी नसलेल्याला कामावर ठेवलं तर मालकाला तुरुंगवास होऊ शकतो.

आणि नाही जमलं तर? इथे 'उद्यापासून येऊ नकोस' हा प्रकार नाही. पहिल्या चौदा दिवसांनंतर तीस दिवसांची नोटीस किंवा तितका पगार, आणि ते दिलं तरी कारण रास्त नसेल तर काढणंच रद्द ठरतं. परीविक्षेतही. काही मालकांना हे जाचक वाटतं. मला ते छोट्या धंद्याच्या फायद्याचं वाटतं, कारण त्यामुळे घेतानाच विचार करावा लागतो: वर्षभर पुरेल इतकं काम आहे का, की दोन महिन्यांची गर्दी आहे? दोन महिन्यांचंच असेल तर तसं लिहून मुदतीचा करार करा. सहा महिने झाले आणि ८० टक्के हजेरी असली की दहा दिवसांची भरपगारी रजा त्याचा हक्क आहे. एकच माणूस असताना ती दहा दिवसांची रजा अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडे त्या दिवसांत फोन मी उचलतो, आणि जपानी ग्राहकांना माझं जपानी ऐकावं लागतं.

मी वापरतो तो मुलाखतीच्या प्रश्नांचा कागद आणि त्सूचिशोचा भरलेला नमुना मागच्या टेबलावर ठेवलाय, हवा त्याने घ्यावा. आता प्रश्न विचारा.